फळीवर राहिलेला बिल्ला

प्रिय इमोजीनताई,

धाकट्या भावाचा, डेलबर्टचा, तुला आणि दाजींना वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींनी मीठ कमी केलं, की अजून डॉक्टरांसमोर कमी आणि घरी जास्त असंच चाललंय? आम्ही इथे मजेत आहोत. शेळ्याही मजेत आहेत. (शेळ्या कुठून आल्या ते पुढे येईल, धीर धर.) आधी तुझे आभार मानतो. माझ्या टॅम्सीला तू कोलंबसला तुमच्या गोदामात काम बघून दिलंस, वरची खोली झाडून ठेवलीस, हे आत्याच करू जाणे. महिनाअखेरीला ती निघेल. माझी काहीएक हरकत नाही. आईवेगळी पोर, तिचं भलं व्हावं एवढंच मला हवं. खाण बंद झाल्यापासून इथे तरण्या पोरांना काम नाही, ती जाणारच. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही, हे मी टॅम्सीला रोज जेवताना, नाश्त्याला आणि मधूनमधून सांगत असतो.

आता खरी बातमी. ताई, तुझा भाऊ कॉलेजात जातो! हसू नकोस, आणि दाजींना वाचून दाखवताना त्यांनाही हसू देऊ नकोस. टेकडीवरचं आपलं कम्युनिटी कॉलेज आठवतं ना? खाण होती तोवर आम्ही तिकडे ढुंकून पाहिलं नाही. पण अख्खं खोरं म्हणजे एकखांबी तंबू होता. तो खांब गेला आणि आम्ही सगळे कनातीखाली. मग कॉलेजवाल्यांनी ठरवलं की आता खोऱ्याला खांब पुष्कळ हवेत, बारीक असले तरी चालतील. कोणाला वेल्डिंग, कोणाला मधमाश्या, कोणाला रुग्णसेवा. आर्व्हिल आठवतो? तोच, फावड्याएवढ्या हातांचा. तो आता म्हाताऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला शिकतो, आणि म्हाताऱ्या मुद्दाम पुन्हा मोजून घेतात. शिवाय संध्याकाळी तो माझ्याबरोबर दुसऱ्या वर्गालाही येतो. तो वर्ग चीज करण्याचा. शेळीच्या दुधाचं. (झाल्या का शेळ्या? टॅम्सीने पाळल्यात. आधी दोन होत्या. आता मला नावं पाठ होत नाहीत.)

आमच्या बाई मिस प्रेंटिस व्हरमाँटच्या. अंगाने चिमुकल्या, आवाज त्याहून चिमुकला. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, चीज मुरायला थंड, ओलसर, बारा महिने एकसारखी हवा असलेली जागा लागते आणि ती कुठून आणावी हा मोठाच प्रश्न आहे. वर्गातल्या आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी खाणकामगारांना विचारावा! लॉरेल फोर्कच्या डोंगरात कंपनीने एक बोगदा घेतला होता, नुसता खडकच लागला म्हणून वैतागून सोडून दिला होता, तो आम्ही त्यांना दाखवला. सरकारी माणूस येऊन तपासून गेला, कॉलेजने दिवे लावले, चीज ठेवायला फळ्या ठोकल्या. पण बाई 'चला' म्हणून आत शिरल्या तर आमच्यातला एक जण हलला नाही. आधी मी लोखंडी पहार घेऊन छत ठोकत ठोकत शेवटपर्यंत गेलो. (आवाज खणखणीत, म्हणजे खडक पक्का. मन भरून आलं.) मग बिल्ल्यांची फळी लागली. तुला बाबांमुळे माहीतच आहे: आत जाताना आपला पितळी बिल्ला फळीवर अडकवायचा, बाहेर आलं की आपल्याच हाताने काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. फळीवर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे, आणि माणूस आत आहे तोवर कोणी घरी जात नाही. सगळ्यांनी घरून, मोज्यांच्या खणातून आपापले जुने बिल्ले आणले. बाईंना आम्ही बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाचा कापून दिला. चीजवर मीठ चोळायला जाताना हे कशाला, असं त्यांनी एकदा विचारलं. पुन्हा विचारलं नाही.

तर गेल्या गुरुवारी लेक्सिंग्टनहून मिसेस ब्लँटन आल्या. त्यांची तिकडे मोठमोठी किराणा दुकानं आहेत. त्यांनी आमचं चीज घ्यायचं ठरवलं तर कॉलेज कंपनीच्या बंद पडलेल्या दुकानात डेअरी काढणार होतं, आणि आमच्या वर्गातल्यांना, शिवाय खोऱ्यातल्या तरुण पोरांना तिथे कायमचं काम मिळणार होतं. (टॅम्सीसारख्या पोरांना. आता तिचं तर जायचं ठरलंच आहे, मी आपलं उदाहरणादाखल म्हटलं.) मी दाढी दोनदा केली. मिसेस ब्लँटनना पाहुण्यांचा बिल्ला दिला, त्यांनी तो हौसेने फळीवर अडकवला. मी सुरक्षेचे नियम सांगितले. मिस प्रेंटिस म्हणतात फार लांबले, पण नियम मी काही घरी बसून केलेले नाहीत. मिसेस ब्लँटननी चीज चाखलं आणि असा चेहरा केला की त्यावरून हो की नाही ते देवालाच कळावं. मग आम्ही फळ्या आवरत बसलो, आणि बाहेर येऊन एकेकाने आपापला बिल्ला काढला. फळीवर एक राहिला. पाहुण्यांचा.

ताई, त्या क्षणी काय झालं ते तुला ओहायोत बसून कळायचं नाही. आर्व्हिलने टोपी काढली. मग आम्ही सगळे आत! फळ्यांवरचे चीजचे गोळे हातोहात बाहेर काढून गवतावर मांडले (मागे कोणी दबलं असेल तर?), टोकाला दगडांचा जुना ढीग होता तो उपसायला घेतला. ओकी (आमच्यातलाच, मधमाश्यावाला) धावत जाऊन अग्निशमनवाल्यांचा भोंगा वाजवून आला. भोंगा वाजल्यावर चर्चमधल्या बायका कॉफी आणि गरम बिस्किटं घेऊन हजर, जशा पूर्वी यायच्या तशाच. मिस प्रेंटिस मात्र तोंडाशी उभ्या राहून ओरडत होत्या.

"अहो, त्या आत नाहीत! टॅम्सीच्या गाडीत बसून तुमच्या घरी गेल्यात! मी या डोळ्यांनी पाहिलंय!"

"बाई, डोळ्यांचं काय घेऊन बसलात?" मी आतून म्हणालो. "फळी बघा फळी!"

अर्धा ढीग उपसून झाला तेवढ्यात टॅम्सीची गाडी आली. मिसेस ब्लँटन उतरल्या. हातात रुमाल, ओठाच्या कडेला मक्याच्या पावाचा चुरा. एवढी गर्दी, भोंगा, बायकांचे पाणावलेले डोळे पाहून त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. विचारलं, "देवा रे! आत कोण अडकलंय?"

"तुम्ही," आर्व्हिल म्हणाला.

तरी आमच्यातला कोणी थांबला नाही. नियम म्हणजे नियम. शेवटी टॅम्सीने त्यांना हाताला धरून फळीपाशी नेलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बिल्ला काढला. मग काय विचारतेस! टोप्या उडाल्या. आर्व्हिलने त्यांना मिठी मारली आणि सवयीने नाडीही बघितली. मी रडलो, ताई. खोटं कशाला सांगू? खाण बंद झाल्यापासून आम्ही एकमेकांना रस्त्यात भेटलो तरी खाली मान घालून जायचो. त्या दिवशी किती वर्षांनी सगळे मिळून एका माणसासाठी आत शिरलो होतो. माणूस आत नव्हता, ही बारीकसारीक गोष्ट झाली.

आणि मिसेस ब्लँटननी तिथेच, गवतावरच्या चीजच्या रांगांमध्ये उभं राहून जाहीर केलं की सगळ्या दुकानांसाठी त्या आमचं चीज घेतील! आमची शिस्त बघूनच बाई विरघळल्या, यात मला तिळमात्र शंका नाही. डेअरी होणार, ताई! कंपनीच्या दुकानाच्या खिडक्यांवरच्या फळ्या काल निघाल्यासुद्धा. आत अजून जुन्या काळचा साबणाचा वास आहे.

दाजींना नमस्कार. मीठ कमी करा म्हणावं. आमचं चीज पाठवतो, ते खारट आहे, पण ते औषध समजून खावं.

तुझा,
डेलबर्ट

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिलीच. टॅम्सीला तू दोन ओळी लिहून टाक की ती खोली दुसऱ्या कोणाला दिली. गोदामात भरती थांबली असंही लिही. घराला आग लागली असं मात्र नको, ती लगेच मदतीला धावेल. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. पोरगी गेली तर डेअरी घेऊन मी काय करू, ताई?

ता. क. २. आत्या, टॅम्सीचा नमस्कार. बाबांनी पत्र टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. चीज घ्यायचं मिसेस ब्लँटननी आमच्या स्वयंपाकघरातच ठरवलं होतं, दुसऱ्यांदा बीन्स वाढून घेताना. भोंगा ऐकून त्या उलट पळायलाच निघाल्या होत्या, मी त्यांना कशीबशी समजूत घालून आणलं. हे बाबांना कधीही कळू देऊ नकोस. डेअरीची विक्री मी बघणार आहे. मी इथेच राहतेय हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते गवतावरून चीज उचलत होते, "हो हो, छान" म्हणाले. तेव्हा तू खोटं काही लिहू नकोस. खोली फक्त दोन रात्रींसाठी ठेव, कोलंबसच्या दुकानांत नमुने दाखवायला येतेय. माझी बॅग बाबांनीच भरली होती, लोकरीचे मोजे, कोट, आईचा फोटो, सगळं नीट घडी घालून. आज सकाळी उघडून पाहिली. आईचा फोटो त्यांनी काढून पुन्हा भिंतीवर लावलाय, आणि त्या जागी चीजचा एक गोळा ठेवलाय, बहुतेक बॅग मला हलकी लागू नये म्हणून.