सुनेला रडवणारा बटाटा

थोरल्या ताईस, धाकट्या बेनिग्नोचा टोपी काढून आणि (कंबर परवानगी देईल तेवढं) वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? लिमाच्या त्या ओल्या धुक्यात जास्तच धरत असतील. मेंढीची चरबी चोळतेस ना? आम्ही इकडे खुशाल. यंदा गारठा वेळेवर पडला. बटाटे रात्रभर उघड्यावर गोठवून, पायांनी तुडवून झाले (माझ्या टाचा अजून बधिर आहेत), आणि त्यांचा चुन्यो असा खडखडीत सुकलाय की दहा वर्षं ठेवला तरी बिघडायचा नाही. तुला चार वर्षांनी पत्र लिहितोय. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं काय बोलतो ते मागच्या वेळी पाहिलंच. कागद निदान मध्येच आपटता येत नाही.

तर बातमी अशी, की माझ्या अबेलार्दोनं लग्नाची मुलगी घरी आणली. ग्लादिस तिचं नाव. कुस्कोच्या शाळेत शिकवते, तिथंच दोघांची गाठ पडली. पण मूळची कुठली? कायाओ बंदरातली! बाप मच्छीमार. (समुद्राकाठची माणसं आपल्या उंचीवर, कुस्कोहूनही वर, पहिले तीन दिवस डोकं धरून बसतात. ही अंगणात दोनदा ओकली आणि दोन्ही वेळा माझी माफी मागून, स्वतःच झाडून आली.) येताना आमच्यासाठी सुकी मासळी घेऊन आली. घरात अजून तिचा वास आहे. मी म्हटलं, असू दे.

पण जेवताना तिनं भाबडेपणानं विचारलं, "मामंजी, बटाटे दोनच प्रकारचे ना? पांढरे आणि पिवळे?" ताई, चुलीपाशी पाळलेले गिनीपिगसुद्धा गप्प झाले. मी तिला तडक कोठीत नेलं आणि त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी जाती दाखवल्या. जांभळा, काळा, मांजराच्या नाकासारखा, गाईच्या जिभेसारखा, कापला की आत फूल दिसणारा. मग मला जोरच चढला. म्हटलं, समुद्रापलीकडच्या लोकांनी इथून सोनं नेलं ते सगळ्यांना आठवतं. बटाटा कुणी खिशात घालून नेला त्याचं नाव कुणाला माहीत नाही. आणि पुढे त्यांची पोरंबाळं जगली ती कशावर? सोनं उकडून बघा म्हणावं! मग आपल्या मास्तरांनी सांगितलेली आयर्लंडच्या लोकांची गोष्ट सांगितली. सगळा मुलूख एकाच जातीवर विसंबला, तिच्यावर रोग पडला, आणि लाखो माणसं उपासमारीनं मेली. त्यांना बी देताना कुणीतरी सांगायला हवं होतं गं, की बाबांनो, याला एकट्याला लावू नका, याला भावंडं लागतात. ('भावंडं' म्हटलं आणि माझं मलाच कसंसं झालं. ते असो.)

नेमकी तेव्हाच फोर्तुनाता काकू आली. वय ब्याण्णव, कान गेले, नजर मात्र घारीची. तिनं ढिगातून बरोबर 'सुनेला रडवणारा' उचलला. तुला आठवतोच, बटाटा कसला, वीस बटाटे एकमेकांत शिरून भांडत असावेत तसा, सगळ्या खाचा आणि सगळे टेंगूळ. तो पोरीच्या हातात ठेवून म्हणाली, "सोल. साल पातळ निघाली पाहिजे, डोळ्यांत पाणी नाही आलं पाहिजे. मग तुला सून म्हणू."

मी म्हटलं, "काकू, हल्ली कोण करतं हे?"

"काय? मोठा देऊ म्हणतोस?" म्हणाली, आणि त्याहून मोठा काढून दिला.

अबेलार्दो उठला, "आण, मी सोलतो." काकूला हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. "बस खाली! लग्नाआधीच बायकोचा बैल झालास?" तो बसला. (त्याचा बापही असाच बसायचा.)

पोरगी सुरी धरायला कच्ची नाही, ताई. पण तिचा हात मासळीवरचा. खवले काढावेत तसे तिनं सपासप तुकडे उडवले. मुठीएवढ्या बटाट्याचा शेवटी गोटीएवढा गोळा उरला. तिनं तो बशीत ठेवला, म्हणाली, "एवढाच राहिला," आणि टपकन एक थेंब बशीत पडला. मग उठून, कुणाकडे न बघता, दाराजवळची आपली पिशवी उचलायला गेली. अबेलार्दोचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

मी म्हटलं, "थांब पोरी. यात काय आहे एवढं? बघ, मी दाखवतो." दुसरा बटाटा घेतला, ऐटीत सुरी लावली, आणि तिसऱ्याच खाचेत स्वतःचा अंगठा सोलला. रक्ताची धार लागली तेव्हा लक्षात आलं, की एकतीस वर्षांच्या संसारात मी हा बटाटा आवडीनं खाल्ला, पण एकदाही सोलला नव्हता. माझी पावलीना सोलायची. मी समोर बसून तिला बटाट्याचं महत्त्व सांगायचो. ती जाऊन चार वर्षं झाली आणि मला हे आत्ता कळलं. मग माझ्याही डोळ्यांतून यायला लागलं, आणि काही केल्या थांबेना.

पोरीनं पिशवी टाकली. गळ्यातला रुमाल काढून अंगठा करकचून बांधला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "हात वर. आणखी वर. खाली आणायचा नाही."

मी हात वर करून वर्गातल्या ढ मुलासारखा बसलो, तशी फोर्तुनाता काकू हसायला लागली. म्हणाली, "तुझ्या पावलीनानं तरी परीक्षेचा बटाटा कुठं सोलला होता? तुझ्या ताईनं, एदुविहेसनं, आदल्या दिवशीच सोलून तिच्या झग्याच्या खिशात घातला होता. मी पाहिलं होतं. तुझ्या आईनंही पाहिलं होतं."

ताई! एकतीस वर्षं मी गावभर सांगत फिरलो, की माझ्या बायकोसारखं पातळ साल कुणी काढून दाखवावं. तुम्ही चौघी बायकांनी ते ऐकून घेतलंत!

मग ती गोटी आणि तो सगळा सालपटांचा ढीग एकत्रच रश्शात गेला. गोटी काकूनं मागून घेतली, सावकाश चघळली आणि म्हणाली, "मीठ कमी झालंय, सूनबाई." पोरीनं मीठ आणून दिलं. तिची पिशवी कोपऱ्यात कुणी नेऊन ठेवली ते ठाऊक नाही, पण तिच्यावर आता मांजर झोपतं.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा भाऊ,
बेनिग्नो

ता. क. अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील. उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, म्हणून ग्लादिस लिहून घेते आहे. मासळीच्या वासाच्या वाक्याशी पेन जरा थांबलं होतं, पण लिहिलं तिनं.

दुसरा ता. क. लग्न ऑगस्टात, पेरणीच्या आधी. नवऱ्यामुलाच्या आईची जागा रिकामी आहे. पावलीनाला माती दिली त्या दिवशी दरड कोसळून तुझा यायचा रस्ता बंद होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी फोनवर जे बोललो ते बोललो. रागवायला दुसरं कुणी नव्हतं गं. सवड असली आणि गुडघे बरे असले तर आलीस तरी चालेल. आग्रह नाही.

तिसरा ता. क., हा माझा, म्हणजे ग्लादिसचा. आत्याबाई, मामंजी बाहेर गेलेत म्हणून घाईनं लिहिते. 'आग्रह नाही' ते त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, पण ते खरं नाही. मधली खोली त्यांनी डाव्या हातानं स्वतः सारवली आहे, खाटेवर तीन घोंगड्या घातल्या आहेत, आणि रोज सकाळी जाऊन तिथली खिडकी नीट लागते का ते बघून येतात. तुम्ही याच.