विमलचे कापलेले नंबर

३ जुलै १९३४
विमलला घेऊन कॉलेजात गेले. यादीत नाव नाही. मी दोनदा वाचली, मग तिनं एकदा. सरकारी शाळेतली एक मुलगी बोर्डात गुणांनी हिच्या मागे, ती आत. कचेरीतल्या बाबूला विचारलं. म्हणाला, बोर्डाचे नंबर निम्मे, शाळेच्या वर्षाचे निम्मे. सरकारी शाळेचे जसेच्या तसे, खासगीचे पाचवा हिस्सा कापून. का, तर खासगीवाले खैरात करतात.
खैरात. गणितात बासष्ट मी दिलेत तिला, हात आखडून. त्यातलेही कापले.
घोड्याच्या एक्क्यातून गल्लीशी उतरताना विमल म्हणाली, "अप्पांना आज नका सांगू."

४ जुलै
आमच्या शाळेचे सेक्रेटरी अण्णासाहेब, त्यांच्याकडे. शाळा त्यांच्या पैशावर चालते, त्यामुळे शाळेतलं गणितही त्यांनाच जास्त येतं. म्हणाले, नंबरांचा नवा दाखला लिहा, बासष्टचे अठ्ठ्याहत्तर करा, कापले जायचे तेवढे आधीच घाला, सगळे करतात. म्हटलं, सगळे करतात म्हणूनच तर कापतात. त्यांना कळलं नाही, किंवा कळून... पान लावत बसले.
चीड याची की ज्या शाळांनी नंबर वाटले त्यांच्या मुली कापूनही यादीत आहेत. अण्णासाहेबांची स्वतःची नात त्यातलीच, दुसऱ्या एका खासगी शाळेतली. म्हणजे नियम बसला तो फक्त धड तपासणाऱ्यांवर.
दाखला लिहिणार नाही.

६ जुलै
विमलचे वडील भिकंभट, तिचे अप्पा, आले. कळलंच शेवटी. नदीवरच्या शिंदे घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगतात, ग्वाल्हेरची माणसं नेहमीची. तिकडचंच स्थळ सांगून आलंय. कॉलेजात जागा मिळाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, हा शब्द त्यांचा. जागा नाही, तर दिवाळीनंतर लग्न. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे भांडताही येत नाही.
जाताना म्हणाले, "नंबर तुम्हीच कमी दिलेत, बाई. मग कॉलेजावर कशाला रागावता?"
 

९ जुलै
विमलचे वर्षाचे तपासलेले परचे घेऊन प्रिन्सिपॉलबाईंकडे गेले. बंगाली आहेत, माझ्याशी हिंदीत बोलल्या. तासभर बसवून ठेवलं, मग मात्र परचे नीट पाहिले. म्हणाल्या, तुमची तपासणी कडक आहे, दिसतंय. पण प्रत्येक खासगी शाळेत अशीच बाई असेल हे मी कशावरून धरू? नियम सोडला तर उद्या इथं शाळावाल्यांची रांग लागेल.
खोटं नाही त्यात. म्हणून आणखी वैताग.
म्हटलं, माझ्यावर विश्वास नको, तुम्हीच हिची परीक्षा घ्या. त्या म्हणाल्या, एकीची घेता येत नाही. मी बोलून गेले, मग खासगीतल्या सगळ्यांची घ्या. हसल्या. मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, शनिवारी गणिताचा एक परचा, खासगीतल्या सगळ्या मुलींना, यादीत आहेत त्यांनाही. शाळेच्या नंबरांऐवजी त्याचेच धरायचे, निकाल मंगळवारी.
सगळ्यांना. अण्णासाहेबांच्या नातीलाही. हे लक्षात आलं फाटकाबाहेर.

११ जुलै
परीक्षेचं कळल्यापासून गल्लीत कोणी माझ्याशी बोलत नाही. देवळात पुढच्या बाईनं हळदकुंकवाची वाटी माझ्याआधीच मागे घेतली. अण्णासाहेबांचा निरोप: पुढच्या महिन्यापासून तुम्हाला ठेवायचं की नाही, कमिटी ठरवेल. कमिटी म्हणजे ते आणि त्यांचे साडू.
हे सगळं सोसलं असतं. पण विमल आली, वही न उघडता बसली. म्हणाली, "मुझसे पूछा भी नहीं, बाई।" माझ्याशी कधी हिंदीत बोलत नाही ती.
नव्हतंच विचारलं. तिच्या बापानं नाही, कॉलेजानं नाही, मी तर नाहीच. विचारलं आता, बसायचंय का परीक्षेला. तिनं वही पुढे ओढली. मग म्हणाली, बसते. पण तुमच्या बासष्टसाठी नाही.
बरं.

१४ जुलै
परचा झाला. उकाडा असा की शाई बोटांना लागे. फाटकाशी सगळ्या आया उभ्या, माझ्याकडे पाठ करून. अण्णासाहेबांची नात आधी बाहेर आली. पोरगी हुशार वाटली, काय म्हणायचं. विमल शेवटी आली. चौथं गणित राहिलं म्हणाली. येत नव्हतं का? येत होतं, तिसऱ्यात वेळ गेला. मी चिडले तिच्यावर, तिथंच, सगळ्यांसमोर. नको होतं.
भिकंभट छत्री घेऊन न्यायला आलेले. मला बाजूला घेऊन सांगितलं, ग्वाल्हेरची मंडळी निघालीत, सोमवारी मुलगी बघायला येतायत. दारात आलेल्यांना परत कसं पाठवू? म्हटलं, निकाल मंगळवारी आहे. म्हणाले, ठाऊक आहे. सोमवारीच त्यांनी पसंती दिली तर? मग त्यांनी छत्री उघडली, ऊन होतं तरी स्वतःवर न धरता मुलीवर धरली.
दोघं थोडी पुढे गेली आणि विमल एकटीच परत आली. "बाई, निकाल सोमवारी सकाळी नाही का लावता येणार प्रिन्सिपॉलबाईंना?"
उद्या रविवार. प्रिन्सिपॉलबाईंच्या बंगल्यावर जाते. मला पाहून दार उघडतील का, कोण जाणे.