सव्वा इंचाचा मास्टर सिलिंडर

बाबा, तुम्ही बसवलेला मास्टर सिलिंडर मी मागच्या आठवड्यात आपल्या जुन्या गाडीच्या ब्रेकमधून काढला आणि हातात घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. केवढा तो. ट्रकचा आहे हे मला माहीत होतं, पण हातात घेतल्यावर तुमची कीव यायला हवी होती, ती आली नाही. रागच आला. अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपन्यांना अहवाल देणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे माणसं गाडीत काय काय मूर्खपणा करून ठेवतात ते मला नवीन नाही. फुटलेल्या ब्रेकच्या नळीला सायकलची ट्यूब गुंडाळणारे पाहिलेत, ब्रेक ऑईलच्या जागी इंजिन ऑईल ओतणारेही पाहिलेत. त्यांतल्या बहुतेकांना आपण जुगाड केलाय एवढी तरी लाज असते. तुम्ही मात्र बॉनेट उघडून शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होतात.

खमरियाच्या फॅक्टरी कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये लष्कराच्या लिलावातून न आलेली वस्तू शोधावी लागे. पाणी भरायला जेरीकॅन, खिडकीला पॅराशूटचं कापड, पलंगावर खाज आणणारं काळं ब्लँकेट. अख्ख्या कॉलनीलाच ते वेड होतं. लष्कराने काढून टाकलेली वस्तू म्हणजे अमर वस्तू असं सगळे धरून चालत, आणि मग ती टाकली कशाला हा प्रश्न कुणाला पडत नसे. तुम्ही तर दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासनीस. केसाएवढ्या फरकावरून दिवसभर माल नापास करणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन म्हणायचा, ‘मोठं आहे ना, मग चांगलंच असन.’ अक्कल तुम्ही गेटवर जमा करून येत असाल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेत असाल, असं मला तेव्हापासून वाटतं.

मी बारावीत होते त्या वर्षी आईला बढती मिळाली. शहरातल्या गोरखपूर भागातल्या प्राथमिक शाळेतून लांब मझौली गावाला, हेडमास्तरीण म्हणून. बसने रोज जाऊन-येऊन वेळेवर पोचणं अशक्य, आणि तिकडे एकटीने खोली घेऊन राहणं तुम्हाला पसंत नव्हतं. आई म्हणाली, मी गाडीने जाईन. गाडी ती शिकलेली होती, लायसन होतं. तुम्ही लगेच छाती फुगवून जाहीर केलंत, हायवेवर जायचं तर जुने ड्रम ब्रेक चालणार नाहीत, मी पुढच्या चाकांना डिस्क लावून देतो. कल्पना चांगली होती. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे तुमच्याबद्दल चांगलं लिहायची संधी मला दिसत नाही.

डिस्क तुम्ही एका मोडीत निघालेल्या गाडीच्या आणल्यात, त्या बऱ्या होत्या. मग प्रश्न आला मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर चारी चाकांकडे तेल ढकलणाऱ्या नळकांड्याचा. ड्रमच्या चाकात ब्रेक एकदा टेकला की चाक फिरता फिरता त्याला आणखी आत ओढून घेतं. डिस्कला ती मदत नसते, सगळा जोर पायातूनच यावा लागतो. म्हणून माप महत्त्वाचं. होळीला पिचकारी चालवलेल्या कुठल्याही पोराला हे समजतं. बारीक पिचकारी सहज दाबली जाते आणि धार लांब जाते, जाड पिचकारी पोटाला लावून रेटावी लागते आणि रंग आपल्याच पायावर पडतो. अगदीच बारीक घेतली तर ती लवकर रिकामी होते, म्हणजे पेडल तळाला टेकतं आणि गाडी चालतच राहते. मधलं माप शोधायचं, एवढंच ते शास्त्र. तुम्ही लिलावातून ट्रकचा सव्वा इंचाचा सिलिंडर उचलून आणलात. नाकापेक्षा मोती जड. त्यात ट्रकला पायाच्या जोराला मदत करणारं यंत्र असतं, आपल्या गाडीत तसलं काही नव्हतं, हे तुमच्या कॉलनीतल्या एकाही तज्ज्ञाच्या लक्षात आलं नाही.

सिलिंडर बसवल्यानंतरच्या रविवारी मी क्वार्टरच्या फाटकाशी उभी आहे. आई गाडी चालवत येते आहे, तुम्ही तिच्या शेजारी. तिने फाटकाशी थांबायचं ठरलेलं. गाडी माझ्यासमोरून पुढे जाते, शेजाऱ्यांचं फाटक ओलांडते आणि नळाच्या पलीकडे कशीबशी थांबते. आई उतरते, पदराने तोंड पुसते.

‘नाही जमत मला,’ ती म्हणते. ‘लय कडक आहे ब्रेक.’

‘मिलिटरीचा माल आहे, कडक राहीनच,’ तुम्ही म्हणता. ‘बायकांच्या पायात जोर नसते, त्याले ब्रेक काय करन?’

आणि मग तुम्ही स्वतः बसून दाखवता. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून, सीटवरून अर्धे उठून, पेडलवर उभे राहून. याला तुम्ही मजबूत ब्रेक म्हणत होतात. पुढे भेडाघाटला फिरायला गेलो तेव्हा पुढची चाकं तापून करपल्याचा वास सुटला. त्या सिलिंडरमध्ये ड्रमसाठी एक झडप असते, पाय काढल्यावरही ती तेलात थोडा दाब धरून ठेवते आणि डिस्कचे पॅड घासत राहतात. तुम्ही चाकांवर पाणी ओतलंत आणि म्हणालात, नवीन आहे, हळूहळू जागेवर बसून राहिलं. उंटावरचा शहाणा दुसरा कुणी असतो असं मला तरी वाटत नाही.

आईने बढती नाकारली. मझौलीला दुसऱ्या कुणी बाई गेल्या. आई निवृत्त होईपर्यंत गोरखपूरच्या त्याच शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत राहिली आणि तुम्ही आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत राहिलात, ‘मी तर डिस्क लावून देल्ले होते, हिलेच नाही जमलं.’ ती चहा ठेवायला आत जायची. तुम्ही गेल्यावरही ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून या हिवाळ्यात मी इतकी वर्षं पडून असलेली ती गाडी बाहेर काढली. एक नळकांडं चुकीचं निवडल्यामुळे एका बाईची हेडमास्तरकी गेली, हे मला सिद्ध करायचं होतं. तुमच्यासमोर नाही जमलं, निदान तिच्यासमोर.

तुमची जमात अजून शिल्लक आहे, काळजी करू नका. मेकॅनिक म्हणाला, ‘मैडम, एक इंचवाला डाल दो, सब वही डालते हैं.’ मी विचारलं, सब कौन? तो म्हणाला, सब. त्याने मला फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला, त्यात गॉगल लावलेला एक पोरगा डिस्कवर हात ठेवून हसत होता. मी त्याला बाजूला केलं आणि स्वतः मापं घेतली. डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरच्या दट्ट्याचं माप, पेडलच्या दांड्याचं माप. राहिलं पायाचं. आईला खुर्चीवर बसवलं, समोर भिंतीला वजनकाटा उभा टेकवला आणि म्हटलं, पायाने दाब.

‘काय करून राहिली तू?’

‘दाब तर.’

काटा माझ्या अंदाजापेक्षा बराच पुढे गेला. काटा जुना झालाय असं मी समजले. शेवटी पाऊण आणि एक इंचाच्या मधला सिलिंडर निवडला, दोन कप्प्यांचा, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरी काम करेल, आणि ती झडप नसलेला. मेकॅनिकने तोंड वाकडं करून बसवला.

परवा सकाळी आईला मोकळ्या मैदानावर नेलं आणि स्टिअरिंगवर बसवलं. तिचे केस पिकलेत, पण आरसा तिने न सांगता नीट केला. गाडी सावकाश उचलली, थोडी पळवली आणि पेडल दाबलं. गाडी लोण्यासारखी थांबली. मी इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं. म्हटलं, ‘पाहिलंस? तेव्हा हा असता तर तू मझौलीला गेली असतीस.’

‘ब्रेक तेव्हाबी लागत होता,’ आई म्हणाली. ‘कडक होता, पण दोन दिवसांत सवय झाली असती.’

‘मग नाही काहून म्हणालीस?’

‘तुझे बाबा म्हणाले, महिनाभर रजा टाकतो, तू पक्की होईपर्यंत रोज बाजूला बसून मझौलीला येतो. क्लच पाहा, हॉर्न दे, आता दाब, आता सोड. शाळेच्या दारापर्यंत.’ ती काचेतून बाहेर बघत होती. ‘आणि मग शाळेत येऊन मला हेडमास्तरकी शिकवली असती. त्याहून माझी दुसरीतली पोरं बरी. ब्रेक कडक आहे म्हटलं, विषय संपला.’

मला हसू यायला हवं होतं की काय, कळेना. तुमची चूक मापाची होती असं मी आजवर धरून चालले, म्हणजे मी तुम्हाला फार स्वस्तात सोडत होते. माप चुकलं तर सिलिंडर बदलता येतो. आणि तिने हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही ऐकून घ्याल असं तिला एक दिवसही वाटलं नाही. तुम्ही जिवंत असतात आणि हे पत्र हातात पडलं असतं, तर लाल पेनाने झडपेबद्दलचं वाक्य दुरुस्त करून परत दिलं असतंत. त्यामुळे ते कुठे पोचणार नाही हेच ठीक आहे.

थोड्या वेळाने आई म्हणाली, ‘चल, उतर आता.’

‘काय झालं?’

‘काही नाही झालं. मला एकटीला एक चक्कर मारू दे.’

मी म्हटलं, मैदानाच्या टोकाला उतार आहे, पहिल्याच दिवशी एकटीने नको, मी नुसती बसते, बोलणार नाही. तिने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली. तेव्हा मी उतरले. तुम्ही उतरला नसतात, हे मला पक्कं माहीत आहे. पण बाबा, मीही पहिल्यांदा सांगितल्यावर उतरले नाही.