ठेंगूला मीच नेलं

प्रिय ठोंब्या,

चोरी झालेली नाही. तुझ्या हॉलमधून ठेंगूला मीच उचलून आणलं. तुम्ही दोघं कामावर होतात, तूच दिलेली किल्ली माझ्याकडे होती, आणि तुमच्या वॉचमनने तर लिफ्टचं दार धरून मला मदत केली. टॅक्सीत कुंडी मांडीवर घेऊन बसले. तेव्हा त्या बिचाऱ्याला फैलावर घेऊ नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड, म्हणजे मलाही मोकळेपणी चिडता येईल.

माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा, हात बरा होईपर्यंत सांभाळतो म्हणून तू झाड नेलंस. प्लास्टर कधीच निघालं, झाड काही परत येईना. मग परवा सूनबाई फोनवर बोलता बोलता सांगून बसली, की झाड इकडे आलंय म्हणजे आई आज ना उद्या मागोमाग येणारच, असं तू सगळ्यांना सांगतोस. वा रे वा! चष्म्याच्या दुकानात जन्मभर लोकांच्या वाकड्या काड्या सरळ करत बसले, आणि पोटचा पोरगा मला आमिष दाखवून पिंजऱ्यात घेतोय, हे काही दिसलं नाही.

तू शिकायला बाहेर गेलास त्या वर्षी ठेंगू आला. घर नुसतं खायला उठायचं. तुझे बाबा चिडवायचे, की एक पोरगं उंच होऊन पळालं म्हणून हिने आता न वाढणारं आणलंय. पण बोनसाय असला, बुटका असला तरी तो पाइन आहे रे. त्याला उघड्यावरचं ऊन लागतं, वारा लागतो, हिवाळ्यात थंडी लागते. तुम्ही त्याला एसीत, सोफ्याशेजारी बसवलंत. लाड केलेत, नाही म्हणत नाही. रोज पाणी, रोज फवारा. आणि कहर म्हणजे मुळांशी पांढरी बुरशी दिसली म्हणून त्याला कुंडीतून उपसून, मुळं नळाखाली धुऊन काढलीत! अरे, तीच बुरशी त्याला जगवते. मुळांना बिलगून असते आणि त्यांना पाणी मिळवून देते. कुंडी बदलताना मी जुनी माती थोडी राखून ठेवते ती त्यासाठीच. सूनबाईला बोलू नकोस. तिने कौतुकाने फोटो पाठवला होता, मुळं कशी चकाचक झाली म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टॅक्सी बोलावली.

फांदीला आकार द्यायला तार गुंडाळते तेव्हा मी दर आठवड्याला बघते, सालीत रुतत तर नाही ना. तुझी तार काळजीची आहे, कळतं मला. पण ती रुतायला लागली आहे, आणि तू बघत नाहीस.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. बाल्कनीत घसरून हात मोडला त्या दिवशी मला उठताच येईना. दुपारभर तिथेच पडून होते. खूप घाबरले. समोर ठेंगूची कुंडी दिसत होती, तिच्याकडे बघत तुला हाका मारत होते, तुलाच. आता तू म्हणशील, बघ, मी काय सांगत होतो. म्हणून तर बोलले नाही. पण त्या भीतीपायी तुझ्या हॉलमध्ये शोभेला येऊन बसायची नाही मी. बाल्कनीत खडबडीत फरशी बसवून घेतली, धरायला दांडी लावली. शेजारच्या शिंपीणबाईंकडे एक किल्ली दिली आहे. त्या सकाळ-संध्याकाळ हाक मारतात आणि चहा उकळून जातात.

ठेंगू वाचेल का, माहीत नाही. पाइन आतून गेला तरी बरेच दिवस हिरवा दिसतो. नखाने साल खरवडून पाहिली, आत अजून ओल आहे. राखलेली माती घालून बाहेर ठेवलाय. पण नीट वाच, तो गेला तरी मी येणार नाही. काल रोपवाटिकेत जाऊन पाइनचं बोटभर रोप मागितलं. माळी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत म्हणाला, आजी, याला आकार यायला वीस वर्षं लागतील. म्हटलं, मग दोन दे.

आता मुद्द्याचं. माझं सामान हलवायला तू रविवारचा टेम्पो ठरवला आहेस, मला न विचारता. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. टेम्पो रद्द करू नकोस. येताना त्यातून जाड रेतीची दोन पोती आण, मला आता ती उचलवत नाहीत. परत जाताना माझं सामान जिथल्या तिथे राहील, आणि दुसरं रोप तू घेऊन जाशील, मांडीवर. बाल्कनीत ठेव, उघड्यावर. धुऊ नकोस. काही अडलं तर विचारायला इथेच यायचं.

तुझीच, पण माझ्याच घरातली,
आई