डाव्या हाताचा क्लच

प्रिय धाकट्या,

तीन वर्षं अबोला धरलेल्या बहिणीचं पत्र बघून तुला घाम फुटला असेल. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे, म्हणजे उरले तेवढी. हॉस्पिटलात माझा पाय गुडघ्यापासून काढला आणि चौथ्याच दिवशी तू म्हणालास, ताई, आता शेत सोड, माझ्याकडे ये. मी तुला खोलीबाहेर काढलं. पुढे तू तुझ्या घराच्या पायऱ्या फोडून माझ्यासाठी उतार बांधून घेतलास हे कळलं, तेव्हा तर अंगाचा तिळपापड झाला. मी काय सामान आहे, ढकलत न्यायला?

इथे वेल्डरच्या दुकानात दर गुरुवारी आम्ही सात शेतकरी जमतो. कुणाला हात नाही, कुणाला दिसत नाही. सगळे मिळून साडेपाच माणसं भरतात, असं वेल्डर म्हणतो. त्याचाही एक डोळा ठिणगीने गेलाय, म्हणून त्याला माफ आहे. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाचा, आणि माझा नेमका तोच गेलेला. वेल्डरने क्लचला दांडा जोडून तो माझ्या डाव्या हाताशी आणला. पहिला आखूड झाला, दुसरा मांडीत रुतायचा, चौथा जमला. चढायची फळी आमच्यातल्या मधमाश्यावालीने सुचवली, तिला एकच हात आहे. माझा ट्रॅक्टर बंद पडला की सगळे बांधावर बसून टाळ्या वाजवायचे, मेले.

गेल्या आठवड्यात अख्खं शेत मी एकटीने नांगरलं. नांगराचं शेवटचं तास संपवून उतरले, सगळे हसत होते, आणि मला नुसतं बसावंसं वाटलं. पाय दुखत नव्हता रे. मीच दमले होते. चाळीस वर्षं झाली शेत कसून.

त्यांच्या कौतुकापुढे, आता शेत सोडावंसं वाटतंय, हे सांगायला जीभ रेटेना. शेवटी मधमाश्यावालीला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, तेव्हा सोडलं असतंस तर पायामुळे सोडलं असतंस, आता तुझ्या मनाने सोडते आहेस. शेत तीच कसणार आहे. दांडा डावा पाय अधू असलेल्या एका माळ्याच्या ट्रॅक्टरला लागेल. त्याचे हात माझ्याहून आखूड, दोन बोटं वाढवावा लागेल.

म्हणून हे पत्र. 'मी सांगितलं नव्हतं का' हे दारातच एकदा म्हणून घे आणि मग जन्मभर गप्प बस. तो उतार अजून आहे ना? असला तर महिनाअखेरीस येते. कुबडी आहे, ढकलावं लागणार नाही.

तुझीच,
दमलेली ताई