निळ्या पडद्याचं फडकं

माय,

तुला अक्षर ओळखता येत नव्हतं. म्हणजे तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दोन ओळींच्या आत तू म्हणाली असतीस, "मुद्द्याचं बोल, चुलीवर दूध हाय." तर मुद्दा तुझ्या उजव्या हाताचा आहे. तो मी आजवर कागदावर आणला नाही. तू जाऊन वीस वर्षं होत आली, आणि मी आता तुझ्या शेवटच्या वयापेक्षाही मोठी झाले, तरी त्या हाताचा विषय निघाला की मी चौदा वर्षांचीच होते.

दुष्काळात आपण लोह्याकडचं गाव सोडलं तेव्हा मी तीन-चार वर्षांची असेन. मला फार काही आठवत नाही. दुष्काळी कामावरचा खडीचा ढीग आठवतो, आणि हातोडा धरायच्या आधी तळहाताला एकावर एक चिंध्या गुंडाळणारी तू आठवतेस. शेजारणी हात पुढे करायच्या, तू त्यांनाही गुंडाळून द्यायचीस. कापड किती जाड ठेवलं म्हणजे हात वाचतो आणि हातोडाही निसटत नाही, हे तू तिथं शिकलीस. पुढे लातूरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागलीस आणि तीच विद्या चुलीपाशी आणलीस. सत्तर पोरींच्या वरणाचं भगुणं सांडशीनं उचलणं शक्यच नव्हतं. दोन्ही हातांत जाड फडकी घेऊन त्याच्या कडा धराव्या लागत. ती फडकी तू जुन्या लुगड्यांची शिवायचीस. काळी, तेलकट, वास मारणारी. मला त्यांची लाज वाटायची. खरं तर मला तेव्हा बऱ्याच गोष्टींची लाज वाटायची.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून रंगारी दिवसभर शिड्यांवर उभे असायचे. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, आणि एके दिवशी रेक्टरबाई सांगून गेल्या की वसतिगृहाची पाहणी होणार आहे. स्वयंपाकघर साहेबांच्या पसंतीला उतरलं तर तुझं नाव कायम नोकरीसाठी पुढे जाईल, नाही उतरलं तर नवी बाई येईल. तू दहा वर्षं रोजंदारीवर होतीस. नोकरी गेली असती तर स्वयंपाकघरामागची आपली खोलीही गेली असती. तू भिंती सारवल्यास, भांडी चिंचेनं घासलीस, डबे उतरवून पुसलेस. मी म्हटलं, एक फडकं तरी नवं, देखणं हवं. गल्लीच्या तोंडाशी शिंपीचाचांचं दुकान होतं. कचेऱ्यांचे पडदे शिवून त्यांच्याकडे निळ्या चकचकीत टेरिलीनचे तुकडे उरले होते. त्यातला एक मी आणला. आत सुताचा एकच पदर घातला, कारण जास्त घातले की फडकं बेढब दिसायचं. टाके असे बारीक घातले की शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी वही सोडून तेच तपासायला घेतलं असतं. पाहणीच्या सकाळी तुझ्या हातात दिलं. तू ते अंगठ्यानं चोळलंस आणि विचारलंस, "सुताचं हाय ना?" मी म्हणाले, "हाव." "लई छान झालं की गं," म्हणालीस आणि उजव्या हातात घेतलंस, डाव्यात जुनंच.

भगुणं रटरटतंय. साहेब दारात उभे आहेत, रेक्टरबाई त्यांच्या मागे. पोरी ताटं पुढे घेऊन खाली ओळीनं बसल्यात. तू वाकतेस, दोन्ही कडा धरतेस, उचलतेस. दुसऱ्याच पावलाला मला जळक्या कंगव्यासारखा वास येतो. निळं कापड आकसतं, मऊ पडतं, तुझ्या बोटांवर ओघळतं. मला सगळं दिसतंय. चुलीपासून पोरींपर्यंत बारा पावलं आहेत, नंतर मी मोजली. हात सोडला असतास तर उकळतं वरण पहिल्या ओळीतल्या पोरींच्या मांड्यांवर गेलं असतं. तू सोडला नाहीस. घाईही केली नाहीस. भगुणं खाली ठेवलंस, थेंबभर वरण सांडलं नाही. उजवा हात पदराखाली घेतलास आणि डाव्या हातानं वाढायला लागलीस.

साहेबांनी कौतुकानं विचारलं, "बाई डावखुऱ्या आहेत का?"

"हाव साहेब," तू म्हणालीस, "जन्मापासून."

माय, मी नंतर पुष्कळ मोठी म्हणवणारी माणसं पाहिली. पण त्या बारा पावलांएवढं मोठं काही पाहिलं नाही. आपण हिच्या पोटी आलो याचं आजही नवल वाटतं.

साहेब गेल्यावर तू पदर बाजूला केलास. कापड कुठं संपतं आणि कातडी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. मी रडत म्हणाले, "चाचांनी सुताचं म्हणून दिलं गं." तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "बरं. डोळं पूस आन् सुई घे." हाताला चिंधी बांधून तू नुसत्या तोंडानं मला फडकं शिकवलंस. लुगड्याचे वीतभर चौकोन, सात पदर, कडा आत दुमडून बाहेरून आत गोल धावदोरा, वाकळीला घालतात तसा. "ओलं फडकं कधी धरू नको, वाफ हात खाती. टाका जाड घाल, लग्नाला न्यायचं न्हाई ते." पुढे तू कायम झालीस. दोन बोटं मात्र पुन्हा सरळ झाली नाहीत. आणि ते साहेब जेव्हा जेव्हा आले, तू न चुकता डाव्या हातानंच वाढलंस.

पुढच्याच आठवड्यात तू मला खण दिलास. "चाचाकडं जा. माझं माप त्यांच्याकडं हाय." मी दुसऱ्या शिंप्याचं नाव काढलं. "दुसरा कशाला?" एवढंच म्हणालीस. मी गेले. चाचांनी मशीन थांबवून विचारलं, "अम्मी का हात कैसा है, बेटी?" आणि सुती तुकड्यांचं गाठोडं बांधून माझ्या हातात दिलं. ते असेपर्यंत तुझ्या चोळ्या त्यांच्याकडेच शिवल्या गेल्या. त्यांना तू कधी बोल लावला नाहीस, आणि मलाही नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून इथं लिहिते. तो निळा तुकडा देताना चाचांनी सांगितलं होतं, "बेटी, इसको चुले के पास नक्को ले जाव, पिघलता ये." मी मान हलवली होती. मला ते फडकं साहेबांसमोर मिरवायचं होतं.

मी आता बचत गटाच्या बायकांना शिवण शिकवते. पहिल्या दिवशी फडकंच शिकवते आणि तुझी बारा पावलं सांगते. मग कुणीतरी विचारतंच, ते कापड आणलं कुठून? आज दुपारीही एकीनं विचारलं. मी म्हणाले, शिंप्यानं फसवलं.