पाणी पिकवल्याची हकीकत

मुक्काम तांडा, ढाणकीजवळ,
तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ.
माघ महिना, १९६५

स्नेही वामनराव यांस हिरासिंग राठोडचा राम राम, आणि पलटणीतली सवय सुटत नाही म्हणून एक कडक सॅल्यूटसुद्धा.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. (गेला नसेल तर अडुळशाचा काढा द्या, पण मागच्या वेळेसारखा तुम्ही स्वतः करू नका.) इकडे रुपीबाई ठीक, शेत ठीक, बापूंची तब्येत वयाच्या मानाने ठीक, फक्त डोळ्यांनी कमी दिसतं आणि तोंडाने कमी बोलतात. मीही ठीक आहे. ठीक हा शब्द खरं तर कमी पडतो, वामनराव. सध्या आमच्या पंचक्रोशीत माझ्याएवढा ताठ मानेने चालणारा माणूस दुसरा नाही. त्याचं कारण सविस्तर कळवतो. चहा घेऊन बसा.

बराकपूरच्या ऑफिसर मेसमधली काचेची टाकी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मेसचे स्वयंपाकी आणि मी त्या टाकीचा राखणदार. साहेब लोक बदलून गेले, पंखे बदलले, पण मासे माझ्या हातात एकदा आले ते मी निवृत्त होईपर्यंत मजेत जगले. (मेले ते म्हातारपणाने मेले.) इकडे आलो आणि नांगर, कपाशी, बैलांचे खूर यांत ते सगळं मागे पडलं. इतकी वर्षं मी मासा पाहिला तो बाजारात, पाटीत. पण यंदा दसऱ्यानंतर एकदम मनाने घेतलं, की आपल्याला एक गोष्ट फार चांगली येते आणि ती या तांड्यात कोणालाच माहीत नाही, हे काही बरोबर नाही.

मग कामाला लागलो. ढाणकीच्या लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतली. काचा बसवायला जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून मी स्वतः लांबी केली. ती अशी मऊ झाली की रुपीबाईने भाकरीच्या पिठाचा गोळा समजून उचलली. टाकी माजघरात तिवईवर ठेवली, वाळू धुऊन पसरली, विहिरीचं पाणी भरलं आणि दाराशी जमलेल्या मंडळींना जरा भाषण दिलं. भाषण चालू असताना टाकी गळत होती. हे माझ्या लक्षात यायच्या आत कोपऱ्यात वेचून टाकलेल्या कापसाच्या ढिगाच्या लक्षात आलं. त्याच दिवशी ढाणकीचा अडत्या कापूस पाहायला यायचा होता आणि तो नेमका वेळेवर आला. ढिगात हात घालून म्हणाला, "हिरासिंग, वजन वाढवाले पानी मारलं काय?" मी म्हटलं, हे माशांच्या टाकीतलं पाणी आहे. त्याने टाकीकडे पाहिलं. "मासे कुठी हायेत?" मासे नव्हते. (पुढे तो कापूस अंगणात पसरून वाळवावा लागला आणि राखणीला मलाच बसवण्यात आलं, हा भाग मी थोडक्यात सांगतो.)

लांबी पुन्हा भरली, चांगली सुकू दिली, आणि टाकी गळायची थांबली. खरी परीक्षा त्यानंतर होती. आपले मेसचे स्टोअरकीपर घोषबाबू मला सांगत ते तुम्ही भात ढवळता ढवळता ऐकलंच असेल. नवं पाणी कच्चं असतं. माशाची घाण त्यात साचते, तिचं विष होतं आणि मासा मरतो. जुन्या तळ्याच्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते ही घाण खाऊन टाकतात. ते जीव नव्या टाकीत वाढेपर्यंत थांबायचं, म्हणजे पाणी पिकतं. म्हणून मी पैनगंगेच्या एका डोहातून गाळ आणि पाणवनस्पती आणून टाकीत लावल्या, आणि त्या न दिसणाऱ्या जिवांना खायला मिळावं म्हणून रोज सकाळी चिमूटभर ज्वारीचं पीठ पाण्यात टाकू लागलो.

आता तुम्हीच विचार करा. घरात मासे नाहीत, आणि घरधनी रोज आंघोळ करून रिकाम्या पाण्याला पीठ घालतो, वर वाकून वास घेतो. रुपीबाईने चार दिवस पाहिलं, मग आमच्या तांड्याच्या नायकाला, फुलसिंगला, बोलावून आणलं. फुलसिंग बराच वेळ टाकीसमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "हिरासिंग, पानी पाळून राह्यला का रे तू?" झालं. त्या दिवसापासून पोरंसोरं रस्त्यात विचारू लागली, काका, पाणी जेवलं का? मध्येच टाकी ताकासारखी पांढरी झाली. (होतेच. घोषबाबूंनी सांगून ठेवलं होतं.) बापू खाटेवरून म्हणाले, "आता लोणी काढ." महिनाभरात बापू माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पण वामनराव, मी घाई केली नाही. पलटणीने मला काही शिकवलं असेल तर हुकूम येईस्तोवर उभं राहणं. हळूहळू पाणी असं नितळलं, की वाळूचा खडा न् खडा दिसू लागला.

मग पेन्शनच्या कामाने यवतमाळला गेलो, तेव्हा तिथल्या एका कॉलेजात मासे आहेत असं कळलं. तिथल्या प्राध्यापकांना मी पाण्याची सगळी कथा सांगितली. ते खूश झाले आणि काही गप्पी व काही लाल तलवारशेपट्या त्यांनी मला दिल्या. (तलवारशेपट्या आपल्या मेसमध्येही होत्या. नराची शेपटी खालून तलवारीसारखी लांब.) झाकणाच्या पितळी डब्यात त्यांना घेऊन एसटीत बसलो. खड्डा आला की डबा छातीशी धरून मी उभा राही, त्यामुळे मागच्या लोकांना वाटलं माझा थांबा आला. पुसदच्या पुढे शेजारच्या बाईने झाकण उचलून पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "दादा, एवढ्याशा मच्छीत कोनाचं पोट भरन?" मी म्हटलं, हे खायचे नाहीत, पाहायचे आहेत. तिने सारी वाट माझ्याकडे पाहिलं, माशांकडे नाही.

घरी आल्यावर सगळे एकदम सोडले नाहीत. आधी दोन गप्पी सोडले, बाकीचे डोहाचं पाणी भरलेल्या घागरीत ठेवले. तांडा जमला होता. कोणी म्हणालं उद्या मरतात, कोणी म्हणालं आजच. दोन्ही गप्पी दुसऱ्या दिवशी जिवंत, आठवड्यानंतरही जिवंत. मग लाल तलवारशेपट्या सोडल्या. फुलसिंग नायकाने टोपी काढून हातात घेतली.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. त्या दुपारी सगळे गेल्यावर बापू खाटेवरून उठले, भिंत चाचपत आले आणि टाकीपाशी बसले. नाक अगदी काचेला लावलं. त्यांना माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, पण थोड्या वेळाने म्हणाले, "लाल दिसते. हालते." मी शेजारी बसलो. तुम्हाला ठाऊक आहे, मी सोळा वर्षं पलटणीत होतो आणि परत आल्यापासून त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं, की तिकडे काय केलंस. मला वाटायचं, न विचारता गेलो म्हणून राग आहे. ते काचेवरून नाक न काढता म्हणाले, "कलकत्त्याकडे तू हेच करत होता?"

मी म्हटलं, "हो बापू. साहेबाचे मासे जगवत होतो."

"बंदूक?"

"होती. माणसावर चालवायची पाळी आली नाही."

बापूंनी काचेवरून नाक काढलं. मग म्हणाले, "मले वाटे, तू मानसं मारली असशीन. म्हनून इचारलं नाई." त्यांनी चाचपडत माझा हात धरला, आणि मग आम्ही बापलेक दिवस कलेपर्यंत मासे पाहत बसलो. त्यांनी मेसबद्दल विचारलं, गंगेबद्दल विचारलं, तुमच्याबद्दलही विचारलं. (तुमचा भात करपायचा हे मी सांगितलं नाही.)

म्हणून म्हणतो, मान ताठ आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हिरासिंग

ता.क. तलवारशेपट्यांना पिलं झाली आहेत, पुष्कळ. मोठे मासे पिलं खातात, म्हणून बापूंनी ती काढून घरातल्या भांड्यांत ठेवायला लावली आहेत. रांजण गेला, घागरी गेल्या, दोन तांबे गेले. रुपीबाई पाणी प्यायला शेजारी जाते आणि तिथेच बराच वेळ बसते. तरी तुम्ही हल्ली अमरावतीत काचेच्या दुकानात आहात, तर आणखी एका टाकीपुरत्या जाड काचा कृपा करून पाठवाव्यात. पहिलीपेक्षा मोठी टाकी हवी.

ता.क. दुसरा. ही दुसरी टाकी खरं तर माझ्यासाठी आहे. पहिल्या टाकीला बापू मला हात लावू देत नाहीत. पीठ टाकायला गेलो तर "पानी कच्चं करशीन" म्हणतात. बघायला येणाऱ्यांना पाणी कसं पिकवतात ते तेच सांगतात, आणि कालपासून त्या गोष्टीत बराकपूरला मासे त्यांनी राखले असं येऊ लागलं आहे. तुम्हीही त्या गोष्टीत आहात. भात उत्तम करता.

ता.क. तिसरा. काचांच्या पार्सलावर माझं नाव घालू नका. बापूंचं, लखीराम राठोड असं घाला, नाहीतर ते घरात घेणार नाहीत.